आकाशातला डोळा आणि आवक नोंदवही

वनखात्याची नजर ही मूलतः पायी चालणाऱ्या माणसाची नजर आहे. एक वनरक्षक, त्याच्या ताब्यात एक बीट, हातात काठी आणि खिशात डायरी. त्याने पाहिलेले वनपालाला सांगायचे, वनपालाने रेंजरला आणि रेंजरने उपवनसंरक्षकाला. इंग्रजांच्या काळात बसवलेली ही साखळी आजही तशीच आहे आणि ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती अशी की जंगलात काय चालले आहे ते खात्याच्या आधी बाहेरच्या कोणालाही कळणार नाही. हे गृहीतक गेल्या पंधरा-सतरा वर्षांत पार कोसळले आहे. शासनाला मात्र त्याची दखल घेणे अजून जमलेले नाही.

२००८ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लँडसॅट उपग्रहांचा सगळा संग्रह विनामूल्य खुला करण्याचा निर्णय घेतला. १९७२ पासूनची ही चित्रे, ज्यांच्या एकेका दृश्यासाठी पूर्वी शेकडो डॉलर मोजावे लागत, ती कोणाही शाळामास्तराला घरबसल्या मिळू लागली. पुढे २०१५ आणि २०१७ साली युरोपने सेंटिनेल-२ मालिकेचे दोन उपग्रह सोडले. त्यांच्यामुळे एकाच जागेचे चित्र दर पाच दिवसांनी मिळू लागले, आणि तेही दहा मीटरचा तुकडा वेगळा ओळखता येईल इतके स्पष्ट. २०१३ मध्ये मेरीलंड विद्यापीठाच्या चमूने जगभरच्या वृक्षाच्छादनातील घट-वाढीचा नकाशा प्रसिद्ध केला आणि २०१४ पासून ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ या संकेतस्थळावर तो सर्वांना पाहता येतो. आज ऑस्ट्रेलियात कोआलाचा अधिवास गुरांच्या कुरणांसाठी कुठे साफ केला जातो आहे ते स्वयंसेवक अशा चित्रांवरून हुडकतात. आपल्याकडेही पक्षीनिरीक्षक, विद्यार्थी, निवृत्त अभियंते हे काम करू लागले आहेत. त्यांतले कित्येक जण त्या जंगलापासून हजार मैलांवर राहतात. बंगळुरू, हैदराबाद किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला गडचिरोलीचा एखादा कक्ष आज जितका दिसतो, तितका तो पूर्वी तिथल्या उपवनसंरक्षकालाही दिसत नसे.

हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. हिरवे पान जवळच्या अवरक्त किरणांना जोरात परावर्तित करते, उघडी माती तसे करीत नाही. म्हणून अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवला की जंगल लालभडक दिसते आणि साफ केलेला तुकडा करड्या-निळसर ठिगळासारखा उठून दिसतो. दोन तारखांची चित्रे शेजारी ठेवायची आणि नवे ठिगळ शोधायचे, एवढीच मूळ युक्ती. पण आपल्या मध्य भारतातील बहुतांश जंगल पानझडीचे. ऑक्टोबरात गर्द दिसणारा सागवानाचा डोंगर मार्च-एप्रिलात उघडाबोडका होतो. नवख्या स्वयंसेवकाने ऑक्टोबरचे चित्र एप्रिलच्या चित्राशी ताडून पाहिले तर त्याला अख्खा सातपुडा तोडलेला दिसेल! त्यामुळे तुलना नेहमी त्याच महिन्याची, शक्य तर तीन-चार वर्षांची करावी लागते. ईशान्येकडे झूम शेतीचा तुकडा नव्या तोडीसारखाच दिसतो, मात्र काही वर्षांनी तिथे पुन्हा बांबू आणि झुडपे उभी राहतात. खात्याने आपल्या कार्य आयोजनेनुसार तोडलेला कूपही आकाशातून बेकायदा तोडीसारखाच भासतो. वणव्याने जळलेली जमीन, ढगांची सावली, आटलेला तलाव हे फसवे प्रकार वेगळेच. आणि पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे नेमके ज्या काळात नवे अतिक्रमण नांगरले जाते त्याच काळात, ढगांमुळे या चित्रांत बहुधा काहीच दिसत नाही.

तरीसुद्धा या कामाचे मोल मोठे आहे, आणि ते कशात आहे हे समजण्यासाठी सरकारी आकडेवारीकडे पाहावे लागेल. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल उपग्रहचित्रांच्या आधारे काढते. २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. काम प्रामाणिक आहे. पण त्यात ‘वन’ कशाला म्हटले आहे? एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक छत्र आहे ती सगळी वनाच्छादनात धरली जाते. झाडे कोणत्या जातीची आणि जमीन कोणाची, हे पाहिले जात नाही. साहजिकच साल वृक्षांचे शंभर वर्षांचे वन तोडून तिथे रबर लावला, तर काही वर्षांनी हिशोब पूर्ववत होतो. शिवाय जिल्ह्याचा आकडा निव्वळ असतो. इकडची तोड तिकडच्या आमरायांनी भरून निघते. हत्तीला आणि अस्वलाला मात्र असा निव्वळ हिशोब कळत नाही, त्याचा अधिवास त्याच ठिकाणी हवा असतो. स्वयंसेवक दाखवतो ते विशिष्ट अक्षांश-रेखांशावरचे, विशिष्ट तारखेचे ठिगळ असते, टक्केवारी नव्हे. प्रशासनाला कारवाई करायची तर तीही ठिगळावरच करावी लागते.

मग प्रत्यक्षात काय होते? समजा कोणी दोन चित्रे जोडून उपवनसंरक्षकाला पत्र लिहिले. पत्र आवक नोंदवहीत चढते, किंवा ईमेल असेल तर तेवढेही होत नाही. चढलेच तर पहिला प्रश्न निघतो, ही जमीन आमची आहे का? राखीव वनाच्या सीमा वनखात्याच्या नकाशावर असतात, गावाच्या सीमा महसुली नकाशावर, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर क्वचितच जुळतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढमध्ये ‘नारंगी क्षेत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनींचा वाद वन आणि महसूल या दोन खात्यांत कित्येक दशके चालू आहे. विदर्भातील झुडपी जंगल हे याचेच दुसरे रूप. ते वनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. अशा जमिनीबद्दल पत्र आले की वनखाते ते महसूल खात्याकडे पाठवते, महसूल खाते तलाठी किंवा पटवाऱ्याचा अहवाल मागवते, आणि अहवाल येईपर्यंत ठिगळाचे शेत झालेले असते. ज्याने पत्र पाठवले त्याला काय कळवायचे याचा तर नियमच नाही.

हा प्रश्न कायद्याच्या व्याख्येपर्यंत जातो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. अशी वने शोधून त्यांची यादी करण्यासाठी राज्यांनी तज्ज्ञ समित्या नेमायच्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच याद्या घाईघाईत आणि अर्धवट झाल्या. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन व्याख्या अरुंद झाली, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने जुनी व्याख्याच तूर्त चालू ठेवली आणि राज्यांचे ते जुने अहवाल मागवून संकेतस्थळावर टाकण्यास केंद्राला सांगितले. ते समोर आले तेव्हा कित्येक ठिकाणी कोणते वन नेमके कुठे आहे हे त्यांवरून कळण्याची सोय नव्हती. आकाशातून दहा मीटरचा तुकडा दिसतो आणि जमिनीवर हजारो हेक्टरांचा पत्ता नाही, अशी ही विसंगती आहे.

हैदराबादजवळच्या कांचा गच्चीबावलीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. विद्यापीठालगतच्या चारशे एकरांवर ३० मार्च २०२५ पासून, उगादी आणि ईदच्या सुट्ट्यांत, डझनावारी यंत्रे लावून झाडे पाडण्यास सुरुवात झाली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आधीची आणि नंतरची उपग्रहचित्रे फिरू लागली, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबवले. तोपर्यंत सुमारे शंभर एकर साफ झाले होते. राज्य सरकारचे म्हणणे होते की ही जमीन कागदोपत्री वन नाही. त्याच सुमारास पळणाऱ्या हरणांची आणि मोरांची काही चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती असाही आरोप सरकारने केला. मला इथेच उपग्रहचित्राचे वेगळेपण जाणवते. मोबाइलवर फिरणाऱ्या छायाचित्राची सत्यता कोण तपासणार? उपग्रहचित्राचा मूळ संग्रह मात्र तिसऱ्याच्या हाती असतो. तारीख आणि स्थान दिले की न्यायालय, सरकार किंवा विरोधक यांपैकी कोणीही तेच चित्र स्वतः उतरवून पाहू शकतो. तक्रारदाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. प्रशासनाला असा पुरावा फार क्वचित मिळतो.

पण चित्र दिसले म्हणजे जंगल वाचले असे होत नाही. आसाममधील सोनितपूर आणि शेजारच्या अरुणाचलातील कामेंग या हत्तींच्या क्षेत्रांचा उपग्रहचित्रांवरून केलेला अभ्यास २००४ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. १९९४ ते २००२ या काळात तिथला ३४४ चौरस किलोमीटर अधिवास नष्ट झाला होता. चित्रे होती, शास्त्रज्ञ होते, आकडे छापलेले होते. पण त्या वर्षांत तिथे हिंसाचार आणि विस्थापन चालू होते आणि राखीव वनांत खात्याचा शब्द चालत नव्हता. जंगल गेले आणि हत्ती भातशेतांत आले. त्याची किंमत तिथली खेडी आजही मोजत आहेत.

याच्या उलट उदाहरण पेरू देशातले आहे. अमेझॉन खोऱ्यातील ७६ आदिवासी गावे निवडून त्यांपैकी ३६ गावांना उपग्रहाच्या इशाऱ्यांची माहिती देण्यात आली. इंटरनेट नाही, म्हणून दर महिन्याला माणूस नावेतून जाऊन ती माहिती पोचवी. प्रत्येक गावातल्या तिघांना प्रशिक्षण आणि गस्तीचा मोबदला मिळे. ते दाखवलेल्या जागी जाऊन खात्री करीत आणि पुढे काय करायचे ते गावची सभा ठरवी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत इतरांच्या तुलनेत तोड पहिल्या वर्षी ५२ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या वर्षी परिणाम ओसरला, हेही लक्षात ठेवायला हवे. तरी यात उपग्रहाचा वाटा किती आणि ठरलेल्या दिवशी येणाऱ्या नावेचा, हातात पडणाऱ्या मोबदल्याचा आणि निर्णयाचा अधिकार असलेल्या सभेचा वाटा किती? माझ्या मते दुसरा वाटा मोठा. ब्राझीलनेही हेच दाखवले. तिथे २००४ साली जलद इशारे देणारी यंत्रणा आणि कडक अंमलबजावणी बरोबरच सुरू झाली, आणि अमेझॉनमधील वार्षिक तोड त्या वर्षीच्या २७,७७२ चौरस किलोमीटरवरून २०१२ मध्ये ४,५७१ वर आली. २०१९ साली सरकारला हेच आकडे नकोसे झाले, तेव्हा अंतराळ संस्थेच्या संचालकांना पदावरून दूर करण्यात आले. उपग्रह तेच राहिले, पण तोड पुन्हा वाढली.

आता दुसरी बाजू. आकाशातून खाणमालकाचा शंभर एकरांचा खड्डा दिसतो तशीच आदिवासी कुटुंबाची दोन एकरांची नागलीची शेतीही दिसते. आणि कारवाई सोपी कोणावर असते हे प्रशासनात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. वनाधिकार कायदा २००६ चा. त्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो. सुरुवातीला गुजरातसह काही राज्यांत ‘उपग्रहचित्रात शेत दिसत नाही’ एवढ्याच कारणाने दावे मोठ्या प्रमाणावर फेटाळले गेले. उतारावरची, झाडांच्या मध्ये पेरलेली, एखाद्या वर्षी पडीक ठेवलेली शेती तेवीस मीटरच्या चित्रात दिसणार तरी कशी? अखेर २०१२ च्या सुधारित नियमांत लिहावे लागले की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावे, त्यांची जागा त्याने घेऊ नये. गंमत अशी की पुढे गुजरातमधल्याच गावांनी संस्थांच्या मदतीने हीच चित्रे आणि हातातली जीपीएस यंत्रे वापरून आपले दावे पुन्हा मांडले. माझ्या मते २०१२ चा तो नियम वनतोडीच्या तक्रारींनाही लागू करावा. चित्र म्हणजे गुन्ह्याचा निवाडा नव्हे, ती चौकशीची सुरुवात आहे. परंतु ती चौकशी सुरू करणे हे कार्यालयाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे, मर्जी नव्हे.

स्वयंसेवकांच्या नजरेतही एक उणीव आहे. जगभरची बहुतेक सोयीची साधने झाडे मोजतात. पण माळढोक, तणमोर, लांडगा, काळवीट यांचे घर झाडांत नसून गवतात आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ असो, कच्छमधले नलिया असो की जैसलमेरकडच्या ओरणी, त्यांवर नांगर फिरला किंवा सौर पट्ट्या बसल्या तर वृक्षाच्छादनाच्या नकाशावर काहीच उमटत नाही. उलट तिथे बाभळी लावल्या तर ती भर दिसते! आमच्या सरकारी नकाशांत तर अशा कित्येक माळांना ‘पडीक जमीन’ म्हटलेले असते, म्हणजे गुन्हा होण्याआधीच फिर्याद निकाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणींची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांची, जमिनीवरून आणि उपग्रहावरून नोंद करण्याचा आदेश दिला. गवताळ रानांकडे पाहण्याची ही चांगली सुरुवात आहे. ज्यांना सवड आहे त्यांनी साल-सागाच्या जंगलांइतकेच या माळांकडे डोळे लावावेत.

शासनाने करायचे काय, यासाठी परदेशी धडा गिरवण्याची गरज नाही. वन सर्वेक्षण संस्था गेली कित्येक वर्षे उपग्रहाने टिपलेल्या वणव्यांची सूचना मोबाइल संदेशाने थेट बीटपर्यंत पोचवते. कोणीही नागरिक नाव नोंदवून ती मागवू शकतो. आग लागली की उपवनसंरक्षक ‘जमीन कोणाची’ असे विचारत बसत नाही, माणूस पाठवतो. मध्य प्रदेशने २०२५ साली गुना, शिवपुरी, विदिशा, बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पाच वनविभागांत तोडीच्या आणि अतिक्रमणाच्या इशाऱ्यांसाठी तशीच प्रायोगिक व्यवस्था उभी केली. त्यात वनरक्षक जागेवर जाऊन अक्षांश-रेखांशासह छायाचित्र परत पाठवतो. माझी सूचना एवढीच की नागरिकाने पाठवलेल्या इशाऱ्यालाही याच व्यवस्थेत क्रमांक मिळावा. ठराविक दिवसांत स्थळपाहणी व्हावी, ‘कूप’, ‘झूम’, ‘वणवा’, ‘वैध मंजुरी’, ‘अतिक्रमण’ यांपैकी जो निष्कर्ष निघेल तो तक्रारदाराला कळवावा आणि सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. जमीन महसुलाची निघाली तर पत्र परत न करता दोन्ही खात्यांनी एकत्र पंचनामा करावा. आणि वनांच्या सीमा व दिलेल्या मंजुऱ्यांचे नकाशे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली आपणहून खुले करावेत. निम्म्या तक्रारी मग येणारच नाहीत, कारण लोकांना घरीच कळेल की तोडलेला तुकडा खात्याचाच कूप होता. अधिकारी नागरिकांच्या डोळ्यांना घाबरतात त्यातला बराच भाग असल्या निरर्थक तक्रारींच्या भीतीचा असतो.

हे होईपर्यंत ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पत्र लिहितांना थोडी शिस्त पाळावी. ठिगळाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यावेत. आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्याचे आणि आताचे अशी दोन चित्रे उपग्रहाच्या नावासह आणि तारखेसह जोडावीत. दिसते तेवढेच लिहावे. ‘माफियाने तोडले’ असे नव्हे, तर ‘इतके हेक्टर आच्छादन या दोन तारखांच्या दरम्यान नाहीसे झाले’ असे. कोणा गावकऱ्याचे नाव घालू नये, ते ठरवणे चौकशीचे काम आहे. शक्य असेल तर जवळच्या गावातील कोणा जाणत्याला आधी विचारावे, कारण तिथल्या माणसाला जे ठाऊक असते ते दहा मीटरच्या चित्रात मावत नाही. पत्र उपवनसंरक्षकाला पाठवावे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, म्हणजे जमीन कोणाचीही निघाली तरी ते कोणाच्या तरी टेबलावर राहील. महिन्याभरात उत्तर आले नाही तर केलेल्या कारवाईची माहिती अधिकाराखाली विचारणा करावी. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांना हा अधिकार नाही. त्यांनी हा शेवटचा अर्ज इथल्या एखाद्या भावाच्या किंवा मित्राच्या नावाने करून घ्यावा.